सढळ हाताचा श्वास

धसई,
१२ नोव्हेंबर २००२

चि. दर्शना हिस सावळाराममामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तुझं पाकीट परवा मिळालं. त्यातून पत्राबरोबर दोन फुगे निघाले, एक लाल, एक पिवळा. लाल फुगा दर वेळी थोडासाच फुगवायचा, पिवळा दर वेळी फुटायच्या बेतापर्यंत, आणि तासाभराने दोघांचं रबर ताणून बघायचं, असा तुझा डॉक्टरी हुकूम. मी आज्ञाधारक माणूस. ओटीवर बसलो आणि कामाला लागलो. नेमकी तेव्हाच नववी ब शाळेतून घरी निघाली होती. ज्या वर्गाला मी आजवर नुसत्या भुवईवर गप्प केलं, त्याने मला दोन्ही गाल फुगवलेल्या अवस्थेत पाहिलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर फुगा काढलेला होता आणि त्याला माझा चष्मा होता. ही अब्रू तू मला कुठल्या औषधाने परत मिळवून देणार आहेस?

पिवळा फुगा ढिला पडला, हे कबूल. लाल तसाच राहिला, हेही कबूल. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी निजलेल्या माणसाला यंत्राने जो श्वास द्यायचा तो मोठा देऊ नये, बेताचा द्यावा, असं तुझं म्हणणं. तुझी मामी गिरजा म्हणते, की पोरीने एवढी शिकून शेवटी हवेतसुद्धा काटकसर काढली. मला तिचं पटतं. आपल्याकडे पाहुण्याला पुरे म्हटल्यावर थांबणारा वाढपी कुणी पाहिलाय? तुझ्या हाताखाली ऑपरेशनच्या खोलीत जो कमळू आहे, माझाच विद्यार्थी, त्याला विचार. गावातल्या रेश्माच्या लग्नात तो बुंदी वाढत होता. लोक ताटावर दोन्ही हात आडवे धरत आणि हा बोटांच्या फटीतून बुंदी सोडत असे. त्याला म्हणतात हात.

फोन करा म्हणतेस. धसईचा फोन पावसाळ्यात मेला तो अजून सुतकातून बाहेर आलेला नाही. शिवाय फोनवर तू माझं ऐकत नाहीस, पत्रात ऐकावंच लागतं.

आशीर्वाद आहेतच. ते मी मापाने देत नाही.

तुझा,
सावळाराममामा

*

शहापूर,
२० नोव्हेंबर २००२

ती. मामांस दर्शनाचा शि. सा. न. वि. वि.

फुग्याला चष्मा काढणाऱ्या मुलाला माझ्यातर्फे चित्रकलेत पैकीच्या पैकी द्या.

आता नीट वाचा. जागेपणी आपण हवा ओढतो. भूल दिलेल्या माणसात यंत्र ती ढकलतं, आणि दोन-तीन तास ढकलतं. मोठ्या श्वासाने फुफ्फुसाचा काही भाग फाजील ताणला जातो, तळाचा भाग मिटून जातो. आम्ही आजवर सरसकट मोठा श्वास देत आलो, कारण पुस्तकात तसं आहे आणि रक्तातले आकडेही छान दिसतात. ज्यांची फुफ्फुसं आधीच आजारी आहेत त्यांना लहान श्वास मानवतो, हे दोन वर्षांपूर्वी परदेशात एका मोठ्या अभ्यासात दिसलं. माझा प्रश्न एवढाच आहे, की जो माणूस चालत येऊन टेबलावर चढतो, त्यालाही तो मानवेल का? मला उत्तर ठाऊक नाही, म्हणून तर अभ्यास. निम्म्यांना नेहमीचा श्वास, निम्म्यांना लहान, आणि तळ मिटू नये म्हणून थोडा दाब शिल्लक. कुणाला काय, ते मी ठरवत नाही, चिठ्ठी ठरवते. आणि माप वजनावरून नाही, उंचीवरून. पोट सुटलं म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

हे मी का करते, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी डोळखांबच्या सकुबाईचं पोटाचं ऑपरेशन झालं. उत्तम झालं. जन्म चुलीपुढे गेलेली बाई. तिसऱ्या दिवसापासून खोकला, मग ताप, मग दम, आणि तेराव्या दिवशी गेली. तिला भूल मी दिली होती. श्वास अगदी पुस्तकातला, भरपूर. त्यानेच गेली असं मी म्हणत नाही. पण तिची लेक जना हिने मला विचारलं, की टाके सुकले तर आई कशाने गेली, आणि मला सांगता आलं नाही. ते मला सांगता यायला हवं.

मोठ्या डॉक्टरांनी आणि कमिटीने परवानगी दिली आहे. साठ माणसं हवीत. कमळू माझा उजवा हात आहे. दोन टेबलांना भूल देणारी एक असते, तेव्हा यंत्राशेजारच्या स्टुलावर तोच बसतो.

एक विनंती. तुमच्या साप्ताहिकातल्या सदरात यावर लिहू नका. लोक तुमचं खरं मानतात.

मामींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्या.

दर्शना

*

धसई,
१९ जानेवारी २००३

चि. दर्शना हिस अनेक आशीर्वाद.

लिहू नका म्हणालीस, म्हणून तुझं नाव घातलं नाही. फक्त एक विदुषी असं म्हटलं. कात्रण सोबत आहे. मथळा मलाच फार आवडला: श्वासाचं रेशन. साखर, रॉकेल झालं, आता हवा. कार्डावर माणसं दाखवा आणि श्वास घेऊन जा. यजमानीणबाई पंगतीत येतात आणि प्रत्येकाच्या ताटात चमच्याने वरण मोजतात, वगैरे. मुरबाडच्या स्टँडवर कंडक्टरने ते मोठ्याने वाचलं आणि गाडी पाच मिनिटं उशिरा सोडली. इतका मान मला शिक्षण खात्याने कधी दिला नाही.

रागावू नकोस. ज्याची टर उडवता येत नाही ते शास्त्र कसलं?

आता दुसरी बातमी. पोटात उजवीकडे कळ येत होती ती गॅस समजून महिना काढला. मुरबाडला सोनोग्राफी केली तर पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. डॉक्टर म्हणाले काढा. गिरजाने कल्याणचं नाव काढलं, पण मी म्हटलं, भाचीच्या हॉस्पिटलात जाईन आणि तिच्या अभ्यासातही नाव घालीन. टर उडवणाऱ्याने पंगतीत बसूनही दाखवलं पाहिजे.

तारीख कळव. रागातला का होईना, जिव्हाळा कळव.

सावळाराममामा

*

शहापूर,
२७ जानेवारी २००३

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

कात्रण पाठवण्याची गरज नव्हती. ते इथे तुमच्या आधी पोचलं. गेल्या आठवड्यात किन्हवलीचे एक गृहस्थ हेच का ते रेशनचं हॉस्पिटल असं विचारून कल्याणला निघून गेले. दोघांनी अभ्यासाच्या कागदावर सही करायला नकार दिला. कमळूने कात्रण औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. पेशंटला स्ट्रेचरवर घेताना तो त्यातली वरणाची ओळ म्हणून दाखवतो, पेशंट हसतात. भूल देण्याआधी माणूस हसलेला बरा, म्हणून मी काही बोलले नाही.

तुमची तारीख २५ फेब्रुवारी. तुम्ही माझे मामा, तेव्हा भूल मी देणार नाही, डॉ. भूमिका देतील. खरं तर नातेवाईक अभ्यासात नकोच, पण मोठ्या डॉक्टरांना तुमची सही हवी आहे. सावळाराम गुरुजींनी सही केली म्हटलं, की निम्मा तालुका करेल म्हणतात. तुम्ही केलेलं नुकसान तुम्हीच भरा.

विडी आजपासून बंद. उद्यापासून नाही. आणि सहीच्या कागदावर विनोद लिहू नका, तो कागद कमिटीकडे जातो.

काळजी आहे. तिचं माप विचारू नका.

दर्शना

*

धसई,
१८ मार्च २००३

चि. दर्शना हिस अनेक आशीर्वाद.

घरी येऊन सहा दिवस झाले. चार दिवसांचा मुक्काम पंधरा दिवसांवर गेला, त्याबद्दल तुझ्या हॉस्पिटलच्या चहाला दोष देतो. खोकला आहे. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरा म्हणालीस ती धरतो. गिरजा म्हणते, उशी तरी कुणी इतक्या प्रेमाने धरली नसेल. उजव्या फुफ्फुसाचा तळ बसला होता तो उठतोय का, हे तुझा पुढचा एक्स-रे सांगेल.

तू दिलेलं तीन गोळ्यांचं यंत्र रोज घेऊन बसतो. नळी तोंडात धरून ओढायचं आणि गोळ्या वर उचलायच्या. एक उठते. दुसरी विचार करते. तिसरी सरकारी नोकर आहे. हे हॉस्पिटलचं आहे, परत करा असं सिस्टर दोनदा म्हणाल्या. त्यांना सांग, तिसरी गोळी उठली त्या दिवशी माझ्या हाताने आणून देईन.

आता एक गंमत. तुला हसू येईल. मला आत नेताना मी कमळूला डोळा मिचकावून म्हटलं होतं, की बाबा, माझ्या ताटात कमी वाढू नकोस. मी घरी निघालो त्या दिवशी वॉर्डात निरोप घ्यायला आला तेव्हा पठ्ठ्या कानाशी येऊन सांगतो, की गुरुजी, तुमच्या चिठ्ठीत बारका श्वास निघालेला, पन आमी काय तुमाला उपाशी ठेवू व्हय. भूमिकाबाई दुसऱ्या टेबलाकडे गेल्या, की हा बटण थोडं पुढे सारायचा आणि त्या कागदावर आकडा लिहायला वळल्या, की परत जागेवर. यजमान पाठमोरा झाला की वाढपी जसा एक बुंदीचा लाडू सरकवतो ना, अगदी तसं! मी विचारलं, मला एकट्यालाच का हा मान? तर म्हणाला, नाय नाय, आपली मानसं असली का सगळ्यांनाच, मापून द्याया ती काय परकी हायेत?

बघ, तुझ्या शास्त्राने कितीही कुलपं लावली तरी धसईचा हात सढळ तो सढळच.

दम लागतो म्हणून इथे थांबतो. जीव लावतेस तसाच लाव.

सावळाराममामा

*

शहापूर,
२२ मार्च २००३

ती. मामांस न. वि. वि.

कमळू तुम्हाला नेमकं काय म्हणाला, कोणत्या शब्दांत, हे आठवेल तसं लिहून पाठवा. सगळ्यांनाच म्हणजे कोणाला, हे तो बोलला का? विनोद करू नका.

दर्शना

*

धसई,
२६ मार्च २००३

चि. दर्शना हिस आशीर्वाद.

पत्राने घाबरवलंस. जे म्हणाला ते मी लिहिलं तेवढंच, शब्द न शब्द. नावं घेतली नाहीत. पोरगं प्रेमाने करून गेलं, त्याचं एवढं काय? बटण इकडचं तिकडे झालं. माणूस तर कुणी मेलं नाही. फार तर माझं नाव गाळ. आणि त्याला रागावू नकोस, तो तुला देव मानतो.

तू कधी न. वि. वि. एवढ्यावर थांबत नव्हतीस. शि. सा. कुठे गेलं?

सावळाराममामा

*

शहापूर,
१४ एप्रिल २००३

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाव गाळून चाललं असतं तर बरं झालं असतं. मोठे डॉक्टरही तेच म्हणाले. त्यांनी तुमचं पत्र वाचलं, घडी करून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, की हे आलंच नाही असं समज, एक पेशंट कमी कर, पुण्याच्या परिषदेला बाकीचं वाच. आकडे चांगले दिसतायत का, असंही विचारलं. दिसत नव्हते, मामा. दोन्ही गटांत खोकला सारखा, ताप सारखा. मी महिनाभर डोकं धरून बसले होते, की माझं म्हणणंच चुकलं असेल. आता कळलं, की दोन गट नव्हतेच. जवळजवळ सगळ्यांना मोठाच श्वास मिळत होता.

मी कमळूला बसवून विचारलं. तो लपवत नव्हता. मला वाटलं व्हतं तुमाला ठाऊक आसंल, असं म्हणाला. मी म्हटलं, कोणाकोणाला जास्त दिलंस ते सांग, तेवढे बाजूला काढते. तो यादीवरून बोट फिरवत गेला. हा धसईचा, हा मामेभावाच्या गावचा, ही शेणव्याची, हिच्या बापाकडे आमची भाताची वैरण जायची. एक्केचाळीस नावांत त्याला परका असा एकच सापडला, आसनगावच्या कारखान्यातला बिहारचा मजूर. त्याला चिठ्ठीप्रमाणे लहान श्वास मिळाला, कारण कमळूची आणि त्याची ओळख नव्हती. तो चौथ्या दिवशी चालत घरी गेला. एकट्यावरून काही सिद्ध होत नाही.

मग मी त्याला विचारलं, की हे पहिल्यापासून चालू होतं का. तो म्हणाला, नाय, पयले दोन-तीनच झालेले, त्यांना तुमी सांगाल तसाच दिला, गुरुजींचा छापून आला त्यानंतर लाज वाटाया लागली.

तुम्ही लिहिलंत, माणूस तर कुणी मेलं नाही. नाही. पण या एक्केचाळीस जणांनी मला त्यांची फुफ्फुसं विश्वासाने दिली होती आणि मी त्यांच्याकडून काहीच शिकले नाही. त्यांचा खोकला फुकट गेला. तुमचाही. तुम्ही आता म्हणाल, की माझा दम त्या बटणानेच गेला. म्हणू नका. तुमची विडीही तिथे होती, पोटही होतं. मला खात्रीने सांगता येत नाही, आणि सांगता यावं म्हणून जे करत होते ते संपलं.

कमिटीला मी स्वतः लिहून दिलं. अभ्यास रद्द झाला. परत परवानगी मिळणार नाही. शहापुरात माणसं चिठ्ठीप्रमाणे वागत नाहीत, असा शेरा आहे. कमळूला काढून टाकत होते. मी भांडले, म्हणून कॅन्टीनमध्ये टाकलंय. तिथे भाताचं माप ठरलेलं आहे. तो मान खाली घालून वाटीने मोजून वाढतो.

मामींना नमस्कार. तुमच्यासाठी औषध सोबत पाठवते आहे, सकाळ-रात्र घ्या.

दर्शना

*

धसई,
३० जून २००३

चि. दर्शना हिस आशीर्वाद.

दोन पत्रं फाडली. हे तिसरं. वाक्यं आखूड येतात, त्याचा अर्थ लावू नकोस. चार पायऱ्या चढलो तरी थांबावं लागतं.

शाळेत आता धडा मी वाचत नाही. मुलांकडून वाचून घेतो. नववी ब, आता दहावी ब, फार शहाण्यासारखी वागते. ते जास्त लागतं. त्यांनी फळ्यावर काहीतरी काढावं.

परवा शहापूरला एक्स-रेला आलो होतो. तू टेबलावर होतीस, म्हणून भेटलो नाही. कॅन्टीनला गेलो. कमळूने वाटीने भात वाढला. मी पुढे ताट केलं, अजून वाढ असं म्हटलं नाही. त्यानेही दिला नाही. जेवढा होता तेवढा खाल्ला.

मी सदरात लिहितो, की रेशन म्हणालो ते चुकलो. पुढच्याच अंकात. तू हो म्हण.

सावळाराममामा

*

शहापूर,
९ जुलै २००३

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

नको. तुम्ही माफीसुद्धा गमतीदार लिहाल. लोक पुन्हा हसतील आणि पुन्हा कुणीतरी ते कपाटाला चिकटवेल. तुम्हाला साधं लिहिता येत नाही असं नाही. पण लोक तुमचं साधं वाचत नाहीत.

मी आता सगळ्यांनाच लहान श्वास देते. स्टुलावर कुणाला बसवत नाही, एका वेळी एकच टेबल घेते, म्हणून मोठे डॉक्टर नाराज आहेत. याला अभ्यास म्हणत नाहीत. ही नुसती माझी समजूत आहे, आणि समजुतीवर भूल देणारी डॉक्टर मला दुसऱ्या कुणाची चालली नसती.

एक काम आहे. सकुबाईची लेक जना २४ तारखेच्या गुरुवारी ऑपरेशनला येते आहे. आईसारखंच पोटाचं. तिने विचारलं, की मला किती श्वास देणार. मी सांगितलं. तिने विचारलं, ते बरं कशावरून. माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. तिने तरी सही केली, तुमीच द्या म्हणाली. ऑपरेशनआधीपासून तिला गोळ्यांचा सराव द्यायचा आहे. वॉर्डातलं एक यंत्र तडकलंय, दुसरं तुमच्याकडे आहे. सवडीने नको, लवकर पाठवा.

दर्शना

*

धसई,
१२ जुलै २००३

चि. दर्शना हिस आशीर्वाद.

यंत्र आमचे पोस्टमन देवजी यांच्याबरोबर पाठवतो आहे. त्यांची सासुरवाडी आटगावला, ते तुला वॉर्डात नेऊन देतील. गिरजाने गरम पाण्यात धुतलं. ऊन नाही म्हणून चुलीपासून लांब, खिडकीत वाळवलं. नळी मी वापरलेली आहे, तिच्यासाठी नवी लाव.

सदर बंद केलं. कारण विचारलं तर सवड नाही म्हणालो.

तिसरी गोळी उठली की परत करीन म्हणालो होतो. ती उठली नाही. दोन उठतात. जनाला तीनही उठवायला सांग.

यंत्र पोचल्याचं सिस्टरना सांग. मला कळवलं नाहीस तरी चालेल.

सावळाराममामा